नक्कल मुळापेक्षा मोठी

१

रोज सकाळी ऑफिसात पोचलं की चहा येईस्तोवर मी एक काम करत असे. आदल्या दुपारच्या बॅकअपचा निरोप मोबाइलवर उघडून बघायचा. 'काम यशस्वी' एवढे दोनच शब्द आणि पुढे हिरवी खूण. ती दिसली की दिवस रांगेला लागल्यासारखा वाटायचा.

मी मलकापूरला एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. प्रिंटर, कॅमेरे, गेटवरचा वजनकाटा, जे बंद पडेल ते माझ्याकडे येतं. पण हा निरोप ऑफिसचा नव्हता, आमच्या घरचा होता. स्टेशनजवळच्या माझ्या भाड्याच्या घरात एक स्टोरेज बॉक्स आहे. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, आत दोन हार्डडिस्क. तसाच दुसरा डबा जानेफळला, आमच्या बंद घरात. रोज दुपारी इथला डबा तिथल्या डब्याशी इंटरनेटवरून बोलतो, आपल्याजवळ काय काय आहे ते त्याला दाखवतो आणि तिथली प्रत इथल्यासारखी करून घेतो. दोन नकला एका छताखाली ठेवू नयेत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

डब्यात होता माझ्या आईचा आवाज. आम्ही तिला माय म्हणायचो. केसरबाई तिचं नाव. दळणाची गाणी, भीमजयंतीची गाणी, गावातल्या माणसांच्या गोष्टी, कुणाची नक्कल. ती आजारी पडली तेव्हा बाबांनी ते सगळं मोबाइलवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. बाबा, म्हणजे भाऊराव गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. एकदा तो मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला आणि मायची काही गाणी कायमची गेली. तेव्हा मी हे दोन डबे आणले.

माय गेली. पुढच्या वर्षी बाबांची बायपास झाली आणि मी त्यांना मलकापूरला घेऊन आले. जानेफळच्या घराला कुलूप लागलं. किल्ली शेजारच्या पंचफुलाकाकूंकडे. त्या दर शनिवारी उघडून झाडून घेतात. लाइट आणि इंटरनेट मात्र मी त्या डब्यासाठी चालू ठेवलं होतं.

कापसाचा हंगाम भरात होता, गेटवर गाड्यांची रांग होती. त्या सकाळी निरोप उघडला तर खूण लाल. 'काम अयशस्वी. मुक्कामी फाइल वापरात आहे.'

म्हणजे जानेफळच्या डब्यावर ती फाइल कुणीतरी उघडून बसलं होतं.

२

फाइल वापरात असणं ही काही मोठी गोष्ट नाही. एखादा मोबाइल उघडी ठेवतो आणि विसरतो. संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही मोबाइलवर मायचं काही ऐकत होते का?"

"नाही वं. मी ऐकतच नाही."

ते खरं होतं. इतक्या हौसेनं भरून घेतलं, पण माय गेल्यावर त्यांनी त्यातलं एकही गाणं लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी पंचफुलाकाकूंना फोन केला. "काकू, घरात कोणी आल्तं काय?"

"कोण येते माय? मी शनवारी झाडून गेली तेवढीच."

"फोटोखालच्या फळीवरचा काळा डबा आहे ना, त्याचं बटण बंद करून पुन्हा चालू करा."

त्या बोलत बोलतच गेल्या, कुलूप काढलं, बटण दाबलं. "लागला वं दिवा. निळा हाय. फडफडून राह्यला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅकअप झाला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा लाल खूण, आणि आता निरोप वेगळा होता. दोन्हीकडच्या प्रती जुळत नाहीत.

'केसर-दळण' नावाची ती फाइल. बाबांनीच नाव दिलेलं. इथल्या डब्यावर ती दहाएक मिनिटांची होती. जानेफळच्या डब्यावर ती तासाच्या वर गेली होती.

मी बराच वेळ ते आकडे पाहत बसले. नक्कल मुळापेक्षा लहान असू शकते. लाइन तुटते, लाइट जाते, अर्धवट राहते. पण मोठी कशी होईल? जास्तीचं आणणार कुठून?

कुणी बाहेरून शिरलं असेल म्हणून पासवर्ड बदलले. दोन्ही डब्यांची घड्याळं तपासली. डिस्कची तपासणी लावली, तर तिथली एक डिस्क म्हातारी झाली आहे असा इशारा आला. तेवढं कारण मला पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. मग ती मोठी फाइल मी इकडे ओढून घेतली. येताना ती दहा मिनिटांचीच आली. पुन्हा ओढली, पुन्हा तेवढीच. तिकडे पाहिलं तर ती थोडी आणखी वाढली होती.

ते जास्तीचं जे काही होतं, ते त्या घराबाहेर यायला तयार नव्हतं.

३

रविवारी मी खामगावला जाऊन तिथून मेहकरच्या एसटीत बसले आणि जानेफळला उतरले. बाबांना म्हटलं डिस्क बदलायची आहे.

घर आमचं साधं आहे. समोर ओटा, मग बैठक, मागे सैपाकघर, वर टिन. बंद घराला येतो तो वास होता, पण काकूंच्या झाडण्यानं धूळ नव्हती. बैठकीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खालच्या फळीवर डबा, त्याचा निळा दिवा. मी खुर्ची ओढली, लॅपटॉप वायरीनं जोडला, कानाला हेडफोन लावले आणि फाइल जागच्या जागी चालू केली.

जात्याची घरघर. मग माय.

*पहिली माझी ओवी, लेक पाटीवर लिही*
*तिच्या अक्षराला बाई, साऱ्या गावाची गं ग्वाही*

हे तिचं स्वतःचं होतं. मी पहिलीत गेले तेव्हा जुळवलेलं. शेवटी जातं थांबतं, ती धापा टाकत हसते आणि म्हणते, "झालं. बंद करा आता." मग बाबांचं बोट मोबाइलवर घासल्याचा आवाज, आणि संपतं. मला ते पाठ होतं.

ती म्हणाली, "झालं. बंद करा आता." बोटाचा आवाज आला नाही.

खोलीचा आवाज येत राहिला. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, आणि ज्या घरात आपण वाढलो त्याचा तर झोपेतही ओळखू येतो. ऊन चढलं की टिन तडकतं, ते तडकत होतं. लांब गिरणी चालू होती. मी फाइल पुढे सरकवली. खराट्याचा आवाज आला. कुलपाचा. पंचफुलाकाकू फोनवर त्यांच्या लेकीशी बोलत होत्या, "रुख्मिणी, तुह्या सासूले सांग, यंदा नाही जमत." झाडणं झालं, दार ओढलं, कडी लागली. हे मागच्या शनिवारचं असणार. काकूंनी मला त्या फोनबद्दल सांगितलं होतं.

त्यानंतर पुष्कळ वेळ काहीच नाही. मी बंद करणार होते.

मग अगदी जवळून, फळीच्या खालीच कुणी बसलं असावं इतक्या जवळून, घसा खाकरल्याचा आवाज आला.

"गेली वाटते," माय स्वतःशीच म्हणाली.

मी हेडफोन काढले. खोलीत कुणी नव्हतं. वर टिन तडकलं.

४

आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी शिरले नाहीत. बाबांनी आयुष्यभर वर्गात पोरांना शिकवलं की भूत म्हणजे न तपासलेली भीती. म्हणून मी तपासलं.

बाबांचा जुना मोबाइल घरात राहून आपोआप रेकॉर्ड करत असेल, ही पहिली शंका. तो कपाटात सापडला, बॅटरी फुगून मेलेला. मी डबा उघडला. त्यात पंखा आहे, डिस्क आहेत, एक छोटा बीपर आहे. ऐकणारं काही नाही. आवाज आत जायला रस्ताच नाही. मायचं ते वाक्य दुसऱ्या एखाद्या फाइलमधून सुटून इथे चिकटलं असेल, असंही मनात आलं. आठवडाभर संध्याकाळी बसून मी इथल्या सगळ्या फाइली ऐकून काढल्या. "गेली वाटते" कुठेही नव्हतं. बाबा आतल्या खोलीत होते. मी हेडफोन लावूनच ऐकत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. नवी डिस्क पिशवीत होती, ती मी बाहेर काढलीच नाही. फाइल उघडली आणि शेवटाकडे गेले.

मागचा रविवार त्यात होता. खुर्ची ओढल्याचा आवाज, माझ्या किल्ल्या, स्क्रू काढताना मी पुटपुटलेलं. स्वतःला असं ऐकताना अंगावर काटा येतो, तसा आला. आणि माझ्या दोन हालचालींच्या मध्ये, जिथे मी स्क्रू तोंडात धरून गप्प होते, तिथे माय म्हणाली:

"समता, आली काय वं?"

थोडा वेळ माझ्या स्क्रूड्रायव्हरचा आवाज.

"बोलत काऊन नाही? उपाशी असशीन."

मी त्या दिवशी त्याच खुर्चीवर, त्याच जागी बसले होते आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. ती बोलत होती आणि मी डब्यात मायक्रोफोन शोधत होते.

मला रडू आलं. भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर वाटली. पण आधी रडू आलं.

मग मी हेडफोन काढून ठेवले, रिकाम्या बैठकीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "हाव माय, मी आली. सकाळी पोळी खाल्ली." आणि ती बोलेल एवढा वेळ थांबले.

५

त्यानंतर माझे रविवार तिकडेच जाऊ लागले.

पद्धत ठरून गेली होती. आधी मागच्या खेपेचं ऐकायचं, तिची उत्तरं. मग हेडफोन काढून बोलायचं. एक वाक्य, मग गप्प. एक वाक्य, मग गप्प. त्या गप्प जागांमध्ये ती काय बोलली हे पुढच्या रविवारी कळायचं. एखाद्या पत्राचं उत्तर येतं तसं. फक्त इथे मी लिहीत असताना उत्तर देणारी समोरच बसलेली असायची.

मी तिला ऑफिसचं सांगितलं. केस पांढरे व्हायला लागले ते सांगितलं. बाबांचं ऑपरेशन सांगितलं. ते तिच्या माघारी झालं होतं. पुढच्या रविवारी तिथे तिचा लांब श्वास होता आणि "दुखलं असंन त्याईले." मी ती जागा कितीदा ऐकली.

शेवटच्या दिवसांत माय दवाखान्यात बोलू शकत नव्हती. तोंडात नळी होती. ती माझ्याकडे बघायची आणि मी तिला, सगळं बरं होईल, एवढंच सांगायचे. जे बोलायचं राहिलं ते असं बोलता येईल हे कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

ऑफिसातली धम्मशीला एकदा म्हणाली, "दर रविवारी गावाले काय करतं वं? सोयरीक पाहून राह्यली काय?" मी हो म्हणून टाकलं.

बॅकअप रोज फसत होता. लाल खूण बघायचीही मला सवय झाली. ते दुरुस्त करायचा रस्ता सोपा होता. 'मूळ प्रत मुक्कामी सक्तीने लिहा' असा एक पर्याय असतो. तो निवडला की तिकडचं जास्तीचं पुसून दोन्ही प्रती सारख्या होतात. माझा हात तिकडे गेला नाही. म्हातारी डिस्क एक दिवस मरणार, आणि तिच्याबरोबर ते सगळं जाणार, हेही माहीत होतं. नवीन डिस्क घातली तर ते तिच्यावर येईल का, याची खात्री नव्हती. म्हणून मी काहीच करत नव्हते. फक्त जात होते.

मग तिनं विचारलं, "तुह्या बाबाले काऊन नाही आणलं?"

मी म्हटलं, प्रवास झेपत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, "तुह्या बाबाले काऊन नाही आणलं?" तोच सूर, तोच 'काऊन' लांबवलेला. त्यापुढच्या रविवारी मी कामाचं, पावसाचं, पंचफुलाकाकूंच्या गुडघ्याचं बोलत होते आणि ऐकताना कळलं, माझ्या प्रत्येक गप्प जागेत तिनं तेवढंच विचारलं होतं.

६

ही मायच आहे का, अशी शंका तेव्हा मला पहिल्यांदा आली, आणि शंका आली की मी तपासते.

ज्याचा कुठल्याही फाइलमध्ये उल्लेख नाही असं काही मला विचारायचं होतं. माझ्या हनुवटीवर लहानपणची एक खूण आहे. मी म्हटलं, "माय, ही खूण कशाची वं?"

पुढच्या रविवारी उत्तर होतं. ती हसली होती. "मले काय विचारतं? तूच सांग ना."

माय असंच म्हणाली असती. म्हणून मी सांगितलं. मी ओट्यावर खेळत होते, म्हणजे, शेजारची म्हैस सुटून आली, तिला भिऊन मी पडले. माझ्या आठवणीत ते तसंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी तिनं मला ती गोष्ट सांगितली. "ओट्यावर खेळत होती तू. म्हणजे, म्हैस सुटून आली, तिले भिऊन पडली." मधला तो 'म्हणजे'सुद्धा. मी जिथे अडखळले होते तिथेच ती अडखळली.

घरी येऊन मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ओट्यावरून?" बाबा म्हणाले. "नाही वं. माह्या सायकलीच्या दांड्यावरून पडली तू. बाजारातून येतानी. तुही माय किती दिवस माह्यासंग बोलली नाही."

जे माय विसरणं शक्य नव्हतं, ते तिला माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं तेवढंच माहीत होतं. माझी चूकसुद्धा तिनं जशीच्या तशी घेतली होती.

बाबा माझ्याकडे बघत होते. संध्याकाळ होती, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. ते म्हणाले, "केसर बोलते काय तुह्यासंग?"

मी हातातली पिशवी खुंटीला अडकवायला वळले.

"तू जातं दर आईतवारी. डोळे सुजवून येतं. मले समजत नाही काय?" त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मले तं तिथं असतानीच ऐकू येत होती. सैपाकघरातून. डब्यात नाही न काही नाही. मी म्हटलं, भाऊराव, आपुन मास्तर माणूस, हे डोक्याचं हाय. तू मले इकडं ये म्हटलं, मी पटकन हो म्हटलं. ऑपरेशनचा बहाणा झाला."

"बाबा, ती माय नाही. मी तपासलं." मी त्यांना खुणेचं सांगितलं, म्हशीचं, सायकलीचं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. एखाद्या पोराचं गणित तपासावं तसं. मग म्हणाले, "नसंन. पण वाट तं कोणीतरी पाहून राह्यलं ना आपली."

७

सोमवारी ऑफिसातून आले तर घराला कुलूप होतं. बाबांची खाट आवरलेली, गोळ्यांची पिशवी नाही.

फोन लगेच उचलला. "पोचलो वं. पंचफुलानं भाकर आणून देल्ली. जेवलो."

"बाबा, मी उद्या घ्यायला येते."

"ये ना," ते म्हणाले. आवाज मोकळा होता. इतक्या मोकळ्या आवाजात ते मलकापूरला कधी बोलले नव्हते.

फोन ठेवला आणि मी लॅपटॉप उघडला. 'मूळ प्रत मुक्कामी सक्तीने लिहा.' खात्री आहे का, असं विचारलं, मी हो दाबलं. पट्टी पुढे सरकत गेली. माझे सगळे रविवार त्यात होते. तिचा तो लांब श्वास होता. मध्ये एकदा मी थांबवण्यासाठी बोट नेलं आणि मागे घेतलं. शेवटी हिरवी खूण आली. दोन्ही प्रती सारख्या. फाइल दहा मिनिटांची, कुणाच्या वापरात नाही.

मला वाटलं, आता फक्त बाबांना आणायचं राहिलं.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जानेफळला पोचले. दार उघडं होतं. बाबा बैठकीत खाटेवर टेकून बसले होते, दाढी केलेली, पांढरा सदरा. मला पाहून ते हसले नाहीत. त्यांनी सैपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिकडे.

"आता तं अंदर गेली तू," ते म्हणाले. "चहा ठेवते म्हणे. भायेरून कशी आली?"

गोळ्यांनी असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पिशवी ठेवली. तेवढ्यात आत लायटरची टिकटिक झाली आणि गॅस लागला.

"काकू आहेत काय?"

"ते तं सकाळीच वावरात गेली."

फळीवरच्या डब्याचा निळा दिवा शांत होता. मी वाकून त्याची वायर ओढली. दिवा विझला. आतली भांडी वाजतच राहिली.

मी सैपाकघराच्या दारापाशी गेले. पूर्ण आत नाही. चौकटीतून गॅसच्या ओट्याचा कोपरा दिसतो, तेवढाच दिसला. फळीवरून साखर काढणारा एक हात, कोपरापर्यंत. मी घड्याळ उजव्या हातात बांधते. त्या हाताच्या मनगटावरही होतं. दिसत नव्हतं त्या बाजूनं, जमिनीवर बसून कुणी बोलावं तसा मायचा आवाज आला, "साखर कमी टाक, बाबाले नोको." आणि कुणीतरी हसलं. ते हसू मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ते माझं होतं.

आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तोंड दिसलं असतं. मी टाकलं नाही. पण पळून जावं असं वाटलं म्हणून नव्हे. मला आत जाऊन त्यांच्याजवळ बसावंसं वाटत होतं, पाय दुमडून, पाठ भिंतीला लावून, जशी मी बसत असे. आणि तिथे बसणारी आधीच होती.

मी मागे फिरले. "बाबा, चला," मी म्हटलं. "मी खामगावहून गाडी बोलावते. आत्ता निघू."

बाबांनी माझा हात हातात घेतला. खूप वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाठ्यपुस्तकातला अवघड धडा वाचताना ते असे पाहत.

"तू खरी असशीन," ते म्हणाले. "हे मले समजते. पण बेटा, थे माह्यासंग राह्यते."

आतून कपबशा मांडल्याचा आवाज आला. त्यांनी हात सोडला.

९

बाबा तिथेच राहिले. मेहकरचे डॉक्टर म्हणतात तब्येत चांगली आहे. वजन वाढलं आहे. पंचफुलाकाकू फोनवर म्हणाल्या, "बरं केलं माय, नोकरी सोडून आली तू. म्हातारपणी माणसाले आपलं माणूस लागते." मी मलकापूरच्या घरातून बोलत होते.

मी त्यानंतर पुन्हा तिकडे गेले नाही. सकाळी ऑफिस, संध्याकाळी घर. दोन महिने झाले असतील. सुरुवातीला बाबा माझा फोन घ्यायचे, दोन वाक्यं बोलायचे, मग म्हणायचे, "ठेवतो, जेवाले बलावून राह्यले."

परवा रविवार होता. दुपारी मी फोन लावला. बऱ्याच वेळानं कुणी उचलला.

"हॅलो," ती म्हणाली.

आवाज रेकॉर्डवर ऐकला की आपलाच आपल्याला परका वाटतो, तसा तो वाटला नाही. बोलताना आपल्या कानाला ऐकू येतो तसाच तो होता.

"बाबा जेवले का?" मी विचारलं.

"हाव, आताच बसून राह्यले. तुमी कोण?"

मागून मायनं विचारलं, "कोणाचा फोन हाय वं?"

"राँग नंबर असंन," ती म्हणाली. तिनं फोन कुठेतरी ठेवला, पण बंद करायला विसरली. ताट सरकवल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा. बाबा काहीतरी बोलले, त्या दोघी हसल्या.

मी फोन कानाला लावून भिंतीला टेकून खाली बसले, आणि तो तिकडून बंद होईस्तोवर ऐकत राहिले.